मागच्या दोरीवरचा शर्ट

थोरल्या मुलाचा देह दवाखान्यातून घरी आणलाही नव्हता, आणि जावई म्हणत होता, चहात साखर कमी पडलीय. आईने त्याच्याकडे बघितलं. वरच्या मजल्यावर आयतं राहून या माणसाने घराला धुराची तक्रार सोडून काही दिलं नव्हतं.

धूर खालच्या गॅरेजचा. थोरला तिथे इंजिनं दुरुस्त करायचा. सायलेन्सरला जाड पाइप जोडायचा, पाइपचं दुसरं तोंड मागच्या भिंतीतल्या भोकातून परसात. आज सकाळी तो बंद शटरच्या आत, चालू इंजिनाजवळ पडलेला सापडला.

"शटर कोणी ओढलं?" फौजदाराने सुनेला विचारलं.

"मी. बाळ झोपलं होतं, आवाज नको म्हणून. रोजच ओढते."

"कितीदा सांगितलं हिला," जावई म्हणाला, "कोंडून मारशील त्याला."

सुनेवर निष्काळजीपणाचा गुन्हा लागेल, चौकीवर यावं लागेल, असं फौजदार म्हणाला. बाळ तिच्या मांडीवर होतं.

"पाइप जोडलेला होता ना?" आईने विचारलं.

"होता. बाहेरचं तोंडही मोकळं आहे, मावशी. मी पाहिलं."

"मावशी तुमच्या घरी. मग धूर आत कसा राहिला?"

"गळला असेल कुठेतरी."

आई उठून परसात गेली. भोकासमोरच कपड्यांची दोरी. दोरीवर जावयाचा पांढरा शर्ट. तिने बाही चिमटीत धरून पाहिली, सोडली, परत आली.

"शटर उघडलं कोणी?" तिने सुनेला विचारलं.

"ओढायला येतं, पण मला एकटीला उचलेना. बडवत होते, ओरडत होते. मग भावोजी आले."

"जिन्यावरून?"

"नाही. मागून, परसातून."

"जिना तर शटरला लागून उतरतो."

"घाईत कुठून आलो, कोणाला आठवतंय," जावई म्हणाला.

"आणि शर्ट? इंजिन चालू असताना वाळत घातलात?"

जावयाने कप खाली ठेवला.

"साहेब, ऐका," आई म्हणाली. "इंजिन चालू असलं की या घरात मागच्या दोरीवर कोणी फडकंसुद्धा घालत नाही. काळं होतं. हा शर्ट पांढराच्या पांढरा वाळलाय. म्हणजे आज बाहेर धूर आलाच नाही. आणि येणार नाही, हे यांना आधीच ठाऊक होतं. भोक यांनी बुजवलं. धूर पाइपच्या सांध्यातून आत फिरला. सून ओरडली तेव्हा आधी परसात जाऊन बोळा काढला, मग शटरकडे आले."

फौजदाराने परस धुंडाळलं. पाण्याच्या टाकीमागे ओलं पोतं निघालं, मधोमध गोल काळं.

"इंजिन बंद पडेल, एवढंच वाटलं," जावई म्हणाला. "मारायचं नव्हतं मला."

मुलगी, जावयाची बायको, दारात उभी होती. आईने जावयासमोरचा कप उचलून बाजूला ठेवला.

"नव्हतं मारायचं, मानलं," आई जावयाला म्हणाली. "भोकाचं काय ते साहेब बघतील. पण ही शटर बडवत होती, माझा मुलगा आत पडला होता, आणि तुम्ही आधी स्वतःला वाचवायला गेलात. तेवढ्यात तो गेला की आधीच गेला होता, ते मला कधी कळायचं नाही. तुम्हालाही नाही. ते घेऊन जगा, जावईबापू. पण या घरात नाही."