बुजवलेला झरोका

आमच्या धंद्यात मला भोकशोध्या म्हणतात. मी वाईट वाटून घेत नाही, काम तेच आहे. जुनं घर थंडीत उबदार राहावं, त्यात इंधन कमी जळावं असं वाटत असेल, तर आधी त्याच्या फटी बुजवाव्या लागतात. त्या शोधायची रीत साधी आहे. पुढच्या दारात एक जाड कापड ताणून बसवायचं, कापडात मोठा पंखा. बाकीची दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. पंखा घरातली हवा बाहेर ओढायला लागला, की बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. मी धुराची कांडी घेऊन भिंतींच्या कडेने फिरतो. धूर भिंतीपासून लांब उडाला, की तिथे फट आहे समजायचं. पंख्याजवळ एक मीटर असतो, तो घर किती गळतं ते सांगतो. बावीस वर्षांत मी एवढं शिकलो, की मीटर खोटं बोलत नाही. त्यासाठी माणसं आहेत.

त्या दिवशी मी अशाच चाचणीला गेलो होतो. घर तेवढं आमचं होतं. बाबांना जाऊन दहा महिने झाले होते. ताई नोकरीतून मोकळी झाली होती आणि तिला तिथे राहायला यायचं होतं. चाचणी झाली, की मी दाखल्यावर सही करणार आणि दुसऱ्या दिवशी तिचं सामान येणार. सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, चाचणीला दिवस अगदी हवा तसा होता.

"किती वेळ चालेल रे तुझं?" ताईने स्वयंपाकघरातून विचारलं. ती नवी कपाटं आतून पुसत होती.

"तासभर. तू फक्त मागचं दार उघडू नकोस."

"तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही, असं कधी झालंय?" ती हसली.

मी पंखा सुरू केला. हवा ओढली जायला लागली की घराला एक ताण येतो, कानात दडे बसतात, दारं चौकटीत घट्ट होतात. मीटरवर आकडा उतरत उतरत स्थिर झाला. फार चांगला आकडा होता. एवढ्या जुन्या घरात असा आकडा मी आजवर पाहिला नव्हता, आणि खरं सांगतो, माझी छाती फुगली.

मग आकडा हलला. थोडा वर गेला, क्षणभर थांबला, खाली आला, पुन्हा वर गेला. वारा असला तर असं होतं, पण तेव्हा ते वेडंवाकडं होतं, त्याला काही ताल नसतो. मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा. पुन्हा मोजलं, पुन्हा चौदा. माझ्याच श्वासाने काही होत असेल म्हणून मी नाक दाबून उभा राहिलो. आकडा चालूच होता, सावकाश, झोपलेल्या माणसासारखा.

मी कांडी पेटवली आणि फिरायला लागलो. बैठकीची खोली झाली, जिना झाला, न्हाणीघर झालं. धूर सगळीकडे सरळ वर जात होता. राहिली बाबांची खोली. तिथे मी शेवटी जाणार हे मला पंखा लावण्याआधीच ठाऊक होतं.

खोलीत नव्या रंगाचा वास होता. त्याच्या खाली दुसरा एक वास होता, तापलेल्या पत्र्याचा, त्याच्यावर जळालेल्या धुळीचा. तापण्यासारखं तिथे काही उरलेलं नव्हतं. मी पलंगाच्या मागच्या भिंतीजवळ गेलो आणि छताखाली वीतभर अंतरावर, जिथे एके काळी झरोका होता, तिथे कांडी धरली.

धूर भिंतीकडे गेला.

तुम्हाला हे कसं समजावू? पंखा घरातली सगळी हवा दाराकडे ओढत होता. फट असती तर धूर माझ्या तोंडावर आला असता, फट नसती तर सरळ वर गेला असता. तो गुळगुळीत, रंगवलेल्या भिंतीकडे ओढला गेला, तिला चिकटला, थोडा थांबला आणि हळूहळू परत आला. मग पुन्हा ओढला गेला... पुन्हा परत. दारातल्या मीटरवरही तोच ताल असणार, मला जाऊन पाहायची गरज नव्हती.

तो झरोका मी बुजवला होता.

आमच्या धंद्यात एक नियम आहे: आधी हवा खेळवणारं यंत्र बसवायचं, मगच घर बंद करायचं. नवशिक्याला आम्ही पहिल्या दिवशी हेच सांगतो. बाबांच्या घराचं यंत्र आठ दिवस उशिरा येणार होतं. मधल्या चाचणीत आकडा केसभर जास्त आला, आणि तो केस म्हणजे बाबांच्या पलंगामागचा झरोका होता. बाबा मला म्हणाले होते, "बाकी घराचं काय करायचं ते कर, त्या भोकाला हात लावू नकोस. रात्री मी गॅसचा हीटर लावतो." काम चालू असतानाही ते घर सोडायला तयार नव्हते. मी म्हटलं, "हीटर लावायचा नाही बाबा, दुसरं पांघरूण घ्या." आणि ते दुपारी जरा बाहेर पडले तेव्हा झरोक्यात फोम भरला, वर गिलावा ओढला, त्यावर भिंतीचाच रंग फिरवला. आकडा बसला. मी खूश होऊन घरी गेलो. बापाने सांगितलेलं ऐकायचं नाही आणि आपण सांगितलेलं बापाने ऐकलंच पाहिजे, अशी आमची हुशारी.

त्या रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी मी आलो तेव्हा बाबांच्या खोलीत गॅसचा हीटर मंद जळत होता. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

मी हीटर बंद केला. गाडीत नेऊन ठेवला. सगळ्या खिडक्या उघडल्या, अर्धा तास थांबलो आणि मग ताईला फोन केला. डॉक्टरांनी वय विचारलं, हृदयाचं दुखणं विचारलं आणि तसं लिहिलं. सगळे म्हणाले, झोपेत गेले, भाग्यवान. मीही मान हलवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात इतके महिने तो हीटर जळत होता.

"काय झालं रे?"

ताई दारात उभी होती. तिने माझा हात पाहिला, धूर पाहिला. धूर भिंतीकडे जाऊन परत येत होता.

"इथे बाबांचा झरोका होता ना?" ती हळूच म्हणाली. "ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मला फोनवर म्हणाले होते, आज खोली कोंदट वाटते... मी म्हटलं, धूळ उडत असेल कामाची."

मी कांडी विझवली.

"तू तो कधी बुजवलास?"

तेव्हा मला बोलायचं होतं. शपथेवर सांगतो, वाक्य तोंडात तयार होतं. पण ती माझ्याकडे जशी बघत होती ते मला सहन झालं नाही. आई गेल्यावर तिने मला वाढवलं आहे. जगात माझं म्हणून एकच माणूस आहे आणि ते मी गमावलं असतं.

"नंतर," मी म्हणालो. "ते गेल्यावर. त्यांचं वय झालं होतं, ताई."

तिने भिंतीवर हात ठेवला. मग म्हणाली, "मग मी हीच खोली घेते. त्यांच्या जवळ असल्यासारखं वाटेल." आणि कपाटं पुसायला निघून गेली.

मी पंखा बंद केला. आकडा उत्तम आहे असं लिहिलं आणि सही केली. भिंत फोडून झरोका उघडायला मला दहा मिनिटं लागली असती, पण मग फोमवरच्या गिलाव्याला बाबांच्या वेळचा जुना रंग दिसला असता, आणि ताई काही खुळी नाही.

आता त्या घरात हवा खेळवणारं ते यंत्र आहे. ते खोल्याखोल्यांतली माणसांनी वापरलेली हवा मोजतं आणि आकडे माझ्या मोबाइलवर पाठवतं. रिकाम्या खोलीचा आकडा चारशेच्या आसपास राहतो. एक माणूस रात्रभर झोपला की पहाटेपर्यंत आठशे होतो, दोघं झोपली तर बाराशे. हे मला पाठ आहे. ताई एकटी राहते. तिच्या खोलीचा आकडा पहिल्या रात्रीपासून बाराशे येतो आहे.

मी दोनदा यंत्र बदललं. एकदा सहज विचारलं, "कोणी राहायला आलंय का तुझ्याकडे?"

"माझ्याकडे कोण येणार? झोप मात्र छान लागते हं. इतकी गाढ, की सकाळी डोळे उघडवत नाहीत."

काल संध्याकाळी ती माझ्याकडे मुक्कामाला आली. आज दहा वाजता तिला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, ते माझ्या घराजवळ आहेत. जेवलो, गप्पा मारल्या, ती लवकर आतल्या खोलीत झोपायला गेली. तिच्या घराला कुलूप आहे, किल्ली इथे माझ्या टेबलावर आहे.

सकाळी सवयीने मी मोबाइल पाहिला. कुलूपबंद घर, बाबांची खोली, एकाचे आठशे नाहीत, दोघांचे बाराशे.

आता साडेनऊ झाले आहेत. आतल्या खोलीचं दार लोटलेलं आहे आणि आतून काहीच आवाज येत नाही. मी दोनदा चहा गरम केला. ताईला हाक अजून मारलेली नाही.