पाच रिंगांची पेटी

नागेश पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याच्यावर चांगलीच खेकसले होते.

पण माझं तरी काय चुकलं? हंगाम ऐन भरात, काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत गेलेली, आणि कारखान्याचा सर्व्हर, म्हणजे ज्या एका मोठ्या मशीनवर आमचे बाकीचे सगळे कॉम्प्युटर चालायचे तो... ठप्प! वजनाची पावतीच निघेना. काटा सांभाळणारे रावजी दर दोन मिनिटांनी माझ्या खिडकीत डोकवायचे, "स्वरूपाताई, बैलं हुबी राहून कातावली की वो!" मी बारामतीच्या कंपनीला फोन लावून तास होऊन गेलेला.

आणि हा आला. अंगभर धूळ, केसांत उसाचं पाचट. सर्व्हरच्या बटणावरचं सील काढलं, बटण बंद केलं, दहा आकडे मोजले, परत चालू केलं. झालं!

"एवढंच?" मी म्हटलं. "ह्याच्यासाठी बारामतीहून माणूस? मला काय हात न्हाईत?"

"हायत की..." त्यानं माझ्या हातांकडं बघितलं आणि पटकन नजर फिरवली. "चांगले हायत. पण मागल्या साली कुणीतरी वायर उपटली आणि तीन दिवसांच्या पावत्या गेल्या. तवापास्नं सायबांचा हुकूम हाय. बटणाला फक्त मी हात लावायचा."

"आणि पिंपळीपास्नं पुढं रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला, तुमी तासानं पोचणार. वा रे हुकूम!"

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, हे मला तेव्हाच दिसलं. राग आलेला असताना हे असलं कशाला दिसावं?

त्या हंगामात सर्व्हर दर आठवड्याला रुसायला लागला. खरं सांगू? तो बंद पडला की बाहेर रावजींचा जीव वरखाली व्हायचा आणि आत मी वेणीवरून हात फिरवून खुर्ची पुसायला घ्यायची. देवाशप्पथ, मी मुद्दाम काही केलं नाही. पण "अडकू नकोस रे बाबा" असंही कधी म्हटलं नाही.

"दहाच का मोजता?" एकदा मी विचारलं.

"आत फिरणारी तबकडी पुरती थांबाया पायजे. घाई केली की बिघडतंय."

"आणि एवढं सावकाश मोजायला कुणी शिकवलं?"

"आजोबांनी. आमच्या सुप्याला मेंढरं होती. सांजच्याला मला एकेक मोजून मेंढरांच्या वाड्यात घ्यायला लावायचे. घाईत मोजलं की त्यांची काठी पाठीत बसायची." मग हळूच म्हणाला, "आणि हितं तर... घाई करावी असं वाटतच न्हाय."

मी प्रिंटरचा कागद नीट करत बसले. कागद नीटच होता.

संक्रांत झाली आणि तो एक पत्र्याची पेटी घेऊन आला. एवढा खूश की सांगायची सोय नाही! पेटीला एकीकडं माझ्या खोलीतला फोन जोडला, दुसरीकडं सर्व्हरची वीज. मग मला समजावून सांगायला लागला. सर्व्हर अडकला की पेटी आपणहून बारामतीला फोन लावणार. तो तिथूनच इकडं फोन फिरवणार. सलग पाच रिंगा वाजल्या की पेटी वीज तोडणार, दहा सेकंद थांबणार आणि परत जोडणार.

"मंतर मारल्यागत!" रावजी म्हणाले.

चाचणीला तो बारामतीला जाऊन बसला. फोन वाजला. एक... दोन... मी बोटांवर मोजत होते. पाच! पेटीत खट्‌ झालं, पडदा काळा झाला. आणि दहा सेकंदांनी पंखा गरगरला! आम्ही सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. सगळ्यांत जोरात मी.

दुसऱ्या दिवशी तो फोनवर लाल अक्षरांत चिठ्ठी चिकटवायला आला. 'वाजला तरी उचलू नये.'

"आता तुमचा खोळंबा न्हाय, मॅडम. मला यायची गरजच उरली न्हाय." हे तो वायर गुंडाळत म्हणाला. माझ्याकडं न बघता.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. अगं बये, टाळ्या कशाला पिटल्यास?

पंधरा दिवस गेले. सर्व्हर तीनदा अडकला, तीनदा पाच रिंगा वाजल्या, तीनदा सगळं सुरळीत. साहेब खूश, रावजी खूश. मी मात्र घरी आईवर, इथं रावजींवर, वाटेत येष्टीच्या कंडक्टरवर उखडत होते. साधी तक्रार करायलाही मला फोन लावावा लागत नव्हता, तीही पेटीच करायची. तो मला हवा होता. मशीन दुरुस्त करायला नव्हे, नुसता समोर हवा होता. आणि त्याला मात्र यायचंच नव्हतं!

चौथ्यांदा सर्व्हर अडकला. फोन वाजला. एक. दोन. तिसऱ्या रिंगला मी चिठ्ठी टराटरा फाडली आणि रिसीव्हर उचलला.

"अवो, उचलू नका!" तिकडून नागेश ओरडला. "रिंगा तुटल्या, आता सर्व्हर बंद व्हायचा न्हाय! गाड्या थांबल्यात ना?"

"थांबू द्या. मीबी पंधरा दिवस थांबलेय."

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"का आला न्हाईत?" मी रेटून विचारलं. "मला टाळायलाच पेटी बनवलीत ना?"

"न्हाय वो..." तो अडखळला. "मला तुमी आवडता. पहिल्या दिवसापास्नं. पण मी कामाचा माणूस म्हणून यायचो. तुमची इच्छा असो-नसो, तुमाला मला आत घ्यावंच लागायचं. तसल्या दारातनं येऊन मनातलं कसं बोलायचं? म्हणून म्हटलं, आधी काम संपवावं... मग तुमी बोलावलंत तरच यावं."

"आणि मी बोलावलंच नसतं तर?"

"तर... पेटी चांगली चालली असती." त्याचा आवाज बारीक झाला.

हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकदमच. असला शहाणा वेडा!

"मला बी तुमी आवडता," मी म्हटलं. "बोलावतेय. आधी मशीन चालू करा, बैलं खोळंबलीत. मग लगेच या."

मी रिसीव्हर ठेवला. पाच रिंगा वाजल्या, वीज गेली, आली. पावत्या धडाधड निघायला लागल्या.

तास काय घेऊन बसलात, अर्ध्या तासात मोटरसायकल दारात! रावजी काट्यावरून पळतच आले. "अवो नागेशराव, मशीन तर झ्याक चाललंय. मग कोणतं काम काढलंत?"

खिडकीशी पाचसहा गाडीवान पावत्यांसाठी उभे. त्यात आमच्या तात्यांच्या उसाची गाडी घेऊन आलेला भीमाही होता. म्हणजे इथला शब्दन्‌शब्द दिवेलागणीआधी आमच्या घरी पोचणार. नागेशनं त्या सगळ्यांकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं.

"काम कायबी न्हाय, रावजी," तो स्पष्ट म्हणाला. "मला स्वरूपानं बोलावलंय."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी खुर्चीतून उठले.

"व्हय," मी म्हटलं. "मीच बोलावलंय. आणि भीमा, घरी सांगणारच हायस, तर नाव नीट सांग. नागेश. सुप्याचा."