डावीकडचे टायर

टायर बदलायचे होते म्हणून डिसेंबरच्या शेवटी जीप घेऊन कर्जतला चार फाट्यावर पोपटच्या दुकानात गेलो. पावसाळ्यात घातलेले मोठ्या बटनाचे, खोल खाचांचे टायर चिखलाला चांगले. पण थंडीत आमचा डोंगराचा रस्ता कडक होतो, वर सुटे गोटे आणि भुकटीसारखी धूळ. तिथे ते टायर घसरतात. मला मध्यम नक्षीचे आणि कडेला जाड असे हवे होते. आमच्या वाडीतल्या रूपालीचे दिवस भरत आले होते आणि वाडीवर माझ्याशिवाय कोणाकडे गाडी नाही. तिची सासू बायजा, तिला मी वेळेला गाडी काढायचा शब्द दिला होता.

आषाढात त्याच रस्त्यावर, ओढ्याच्या वळणावर, माझी बायको पौर्णिमा गेली. छातीत दुखतंय म्हणाली म्हणून तिला खाली नेत होतो. गाडी रुतली. वाडीतली माणसं पावसात ढकलत होती. ती माझ्या डावीकडे बसली होती. गाडी निघाली तेव्हा ती गेलेली होती.

पोपटने जुने टायर उतरवून भिंतीला लावले.

"काका, उजवीकडचे ठीक आहेत. डावीकडचे बघा, पार बसलेत. रोज कोणाला फिरवता?"

"एकटाच असतो."

"मग मध्ये बसून चालवा."

मी हसलो नाही. स्प्रिंगचे पाटे तपासले, ते सरळ होते. पोपट डाव्या टायरच्या खाचेतली माती स्क्रू-ड्रायव्हरने उकरत होता. उकरताना थांबला. माती ओली होती, काळी. तिच्यात भाताचं रोप अडकलं होतं, बोटाएवढं, हिरवंगार.

"राजनाल्याला पाणी सोडलं काय?"

"सोडलं असेल," मी म्हणालो.

राजनाल्याचा कालवा माझ्या रस्त्यात लागत नाही. आमचा ओढासुद्धा दिवाळीलाच आटला होता.

नवे टायर चढले. पोपटने चाकांखाली लिंबं ठेवली, मी ती काढली. आम्ही बौद्ध, हे मानत नाही.

"सरबत करून प्या मग," तो म्हणाला.

परत वर जाताना टायर चांगले वाटले, गोट्यांवर पकड होती. ओढ्याच्या वळणावर मात्र गाडी जरा डावीकडे बसली. उतरून हवा पाहिली. चारही चाकांत सारखी.

जानेवारीत एका सकाळी बायजा अंगणात आली. शाल डोक्यावरून घेतलेली, धाप लागलेली.

"दादा, पोरीला कळा सुरू झाल्या. पोर आडवं हाय म्हनं."

रूपालीला मागे गोधडीवर आडवं केलं. बायजा तिच्याजवळ बसली. तिचा मुलगा, रूपालीचा नवरा धाऊ, मागच्या पायरीवर लटकला. माझ्या बाजूची सीट मी कोणाला देत नाही, वाडीत सगळ्यांना ते माहीत आहे. धाऊला नव्हतं. तो आणि रूपाली शेलूला बिल्डिंगच्या कामावर होते, दिवाळीनंतर वर आले. पौर्णिमाला दोघांनी कधी पाहिलं नव्हतं.

गवतावर दव होतं, पण रस्ता कोरडा. मी सावकाश चाललो होतो.

वळणावर गाडी थांबली. डावीकडची चाकं जागेवर फिरायला लागली. धूळ उडत होती आणि चाक खाली जात होतं. चारही चाकांची ताकद लावली. हवा कमी केली. दगड लावले. मला जेवढं येतं तेवढं सगळं केलं.

रूपाली ओरडली. मग तिचा आवाज कमी झाला. तो जास्त वाईट.

धाऊ मागून ढकलत होता.

"दादा, पुढच्या बाईंना खाली उतरवा की! केवढं जड जातंय!"

मी डावीकडे पाहिलं. सीट रिकामी होती.

"कुठली बाई रं?" बायजाने विचारलं.

"ती काय, हिरव्या साडीची."

बायजाने रूपालीचं डोकं मांडीवर घट्ट धरलं.

"दादा," ती हळू म्हणाली, "तुमीच सांगा तिला. तुमचं ऐकंल."

माझे हात स्टिअरिंगवर होते. ते हलेनात.

आषाढात खाली नेताना पौर्णिमाच्या अंगावर हिरवीच साडी होती.

"उतर गं," मी म्हणालो. "पोरगी जाईल."

काही झालं नाही.

मग कोणी उतरल्यावर उचलते तशी गाडी डावीकडून वर आली.

पहिल्या गियरमध्ये निघाली.

कर्जतच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी वाचल्या. चार-पाच दिवसांनी दुपारी त्यांना आणायला गेलो. गाडी सरळ चालत होती, डावीकडे अजिबात बसत नव्हती. मला ते नको होतं, पण कोणाला सांगणार.

कडक ऊन होतं. वळण आलं तेव्हा मी समोर बघत राहिलो.

"दादा, थांबा ना," मागून रूपाली म्हणाली. "त्या बाईंना घेऊ या. चिंब भिजल्यात."

बायजाने मान खाली घातली.

मी थांबलो. वाकून डावं दार उघडलं. रस्त्यावर धूळ होती आणि ऊन.

"ये गं," मी म्हणालो. "बस."

इंजिन चालू होतं. रूपाली बाहेर बघत होती.

"बाळाकडं बघतात," ती म्हणाली. "मान हलवतात. नको म्हनतात."

मी दार ओढून लावलं. हात ओला झाला.