उघडणाऱ्या खिडक्यांची जोडी

जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार, दुपारी बाराचं ऊन, आणि एका काळ्या रबरी पट्टीची दोन टोकं दोन माणसांच्या हातात. एका टोकाला ती. दुसऱ्या टोकाला कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला एक उंच तरुण. पट्टी एकच उरली होती आणि सोडायला कुणीच तयार नव्हतं.

"ही मी आधी पाहिली," ती म्हणाली.

"पाहिली असेल. उचलली मी."

"पण मला ती हवीच आहे."

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडते हे तिच्या लक्षात आलं, आणि आपल्या लक्षात आलं याचा तिला रागही आला.

"तुमच्याकडे जुनी व्हॅन आहे," तो म्हणाला. "पुढची काच दोन भागांत असलेली. आता त्या दोन्ही काचा काढून तिथं बाहेर उघडणाऱ्या खिडक्या बसवायच्यात. बरोबर?"

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ही गोष्ट तिनं शेजाऱ्यांनाही सांगितली नव्हती.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"या पट्टीनं. ही दुसरीकडे कुठं लागतच नाही." आणि मग काय मनात आलं कोण जाणे, त्यानं आपलं टोक सोडून दिलं. "घ्या, तुम्हीच घ्या. फक्त बसवताना..."

"बसवताना काय?"

"काही नाही. आत पाणी आलं की माझी आठवण काढा." त्यानं खिशातून कार्ड काढून दिलं. बाजारात त्याला सगळे 'काचवाला' म्हणायचे, आणि कार्डावरही तेच छापलेलं होतं.

आता हिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. ती विमा कंपनीत दावे तपासायची. 'गाडीला आग आपोआप लागली' असं कुणी लिहून दिलं की त्या आगीला काडी कुणी लावली हे शोधणं हे तिचं काम. कचेरीत तिला 'भिंग' म्हणत, तोंडावरसुद्धा. आणि घरी तर गुरूच बसला होता. बाबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाच्या पोटातून चांगलं चाक काढून तिथं भलतंच बसवणारे त्यांनी ढिगानं पाहिले होते. "वस्तू कुणाच्या हातात द्यायची, तर डोळा तिच्यावरच ठेवून द्यायची," हे त्यांनी लेकीला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं.

या बाबांनी अकरा वर्षं शोधून त्या खिडक्यांच्या चौकटी मिळवल्या होत्या. मूळ कारखान्यातली अस्सल जोडी. बायकोला व्हॅनमध्ये पुढं बसलं की गुदमरायचं. "पुढनं वारा आला असता तर किती बरं झालं असतं," असं ती दर सहलीला म्हणायची. ती गेली, चौकटी तिच्या मागून आल्या, आणि चादरीत गुंडाळून पलंगाखाली राहिल्या. बाबा म्हणत होते, आज बसवू, उद्या बसवू. तेवढ्यात त्यांचे हातच थरथरायला लागले. आता त्यांची एकच इच्छा उरली होती – त्या खिडक्या उघडून एकदा तोंडावर वारा घ्यायचा.

अडचण अशी की हल्ली हुबेहूब नकली चौकटी मिळत होत्या. अस्सल स्वतःकडे ठेवून नकली बसवली तर ओळखणार कोण?

"हातातली वस्तू हसत हसत सोडतो?" सगळं ऐकून बाबा म्हणाले. "नीट बघून घे त्याला."

पण काचवाल्याइतकं हे काम जाणणारा दुसरा कुणी नव्हता. तिनं गाडी आणि चौकटी त्याच्याकडे न्यायचं ठरवलं, आणि त्या सकाळी एक युक्ती केली. आपल्या वांगी रंगाच्या नेलपॉलिशनं तिनं प्रत्येक चौकटीच्या काठावर पाच ठिपके दिले. सहजी दिसू नयेत अशा जागी, आणि पुसले जाऊ नयेत म्हणून तीन-तीन थर.

काचवाल्याचं वर्कशॉप लांबट आणि स्वच्छ होतं. भिंतीला टेकवलेल्या काचा, खाली जाड घोंगड्या, साबणाच्या पाण्याचा आणि नव्या रबराचा वास. चौकटी हातात घेऊन त्यानं त्या उजेडाकडे धरल्या.

"किती सुंदर आहेत," मग तो हळूच म्हणाला.

झालं. तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं की याची नियत फिरली.

"मी दर शनिवारी येऊन बघणार," ती म्हणाली.

"या की. स्टूल ठेवतो."

त्यानं खरंच स्टूल ठेवलं. पहिल्या शनिवारी जुन्या काचा निघाल्या. दुसऱ्या शनिवारी चौकटी वरच्या बिजागऱ्यांवर टांगल्या गेल्या. खिडकी खालून ढकलायची, बाजूच्या दांडीवरची मूठ पिळायची, की ती हवी तेवढी उघडी राहते. रबर बसवण्याआधी तो ते दोन्ही तळहातांत धरून गरम करायचा. ती डोळ्यांत तेल घालून त्याच्या हातांकडे बघायची. चोरी पकडायला बसलेल्या माणसानं हातांकडेच बघायचं असतं, असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

"इतकं काय बघता?" त्यानं विचारलं.

"काम."

"कामाकडे बघणारी माणसं पापणी तरी लववतात."

"तुम्ही माझ्या पापण्या मोजताय की काम करताय?"

"दोन्ही जमतं मला," तो अगदी साधेपणानं म्हणाला.

मग त्यानं खिडक्या बंद करून पाइपनं पाणी मारलं. आत, खिडक्यांच्या काठांपासून खालपर्यंत, ओघळ आले. तो कपाळाला आठ्या घालून बघत राहिला. तिसऱ्या शनिवारी पुन्हा थोडं पाणी आत आलं. चौथ्या शनिवारीही आलं, पण तिला दिसलं की ते खिडकीतून येतच नव्हतं. पाइपचा जोड सैल होता आणि थेंब तिथून उडून आत पडत होते. इतका हुशार माणूस, आणि ही गोष्ट त्याच्या ध्यानात येत नाही? तो फक्त म्हणाला, "अजून एक शनिवार लागेल बहुतेक..." कुठंतरी पाणी मुरतंय, ती मनात म्हणाली. नकली जोडी तयार होईपर्यंत वेळ काढतोय हा. तिनं तेव्हाच बोलायला हवं होतं. का बोलली नाही, ते तिचं तिलाही कळलं नाही.

पाचव्या शनिवारी तो चहा आणायला गेला आणि तिनं फडकं शोधण्याच्या निमित्तानं टेबलाचा ड्रॉवर उघडला. फडकं होतं. त्याच्या शेजारी नेलपॉलिशची बाटली होती. वांगी रंगाची, वापरलेली.

आधी मनात चोरी आलीच नाही. आधी आली ती एक बाई. इथं येणारी, याच स्टुलावर बसून नखं रंगवणारी, त्याच्याशी हसणारी कुणी एक बाई... आणि तिनं ड्रॉवर फाडकन बंद केला. इतके दिवस ती खिडक्यांवर पहारा देत होती; स्वतःवर द्यायचा राहूनच गेला होता. तिला हा माणूस आवडत होता. भलताच आवडत होता.

मग तिचा स्वभाव तिच्या मदतीला धावला. तिनं खिडकी उघडून चौकट पाहिली. पाच ठिपके होते. पण तिनं दिले होते काठावर, आणि हे होते आतल्या अंगाला.

तो चहाचे दोन पेले घेऊन आला.

"या चौकटी बाबांच्या नाहीत," ती म्हणाली.

त्यानं पेले खाली ठेवले. "का?"

"माझ्या खुणा काठावर होत्या. या आत आहेत. आणि रंगाची बाटली तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे."

मग त्यानं खडूची पूड घेतली, रबरावर फासली, खिडकी बंद करून परत उघडली. चौकटीच्या काठावर पांढरी, अखंड रेघ उमटली होती. "रेघ तुटली की तिथं फट," तो म्हणाला. "पहिल्यांदा पाणी आलं, तेव्हा ही दहा ठिकाणी तुटली होती. प्रत्येक ठिकाणी एक वांगी ठिपका. तीन थर दिले होते ना? रबर टेकतच नव्हतं तिथं."

तिचे कान तापले. म्हणजे आत आलेलं पाणी तिनंच आणलं होतं.

"ते मी खरवडून काढले. मग वाटलं, तुम्ही येऊन शोधणार. सापडले नाहीत तर जीव टांगणीला लागेल तुमचा. म्हणून तसाच रंग हुडकून आणला आणि रबर टेकत नाही तिथं, आतल्या अंगाला, ठिपके दिले. दुकानातल्या बाईंनी विचारलं, कुणासाठी? म्हटलं... खिडकीसाठी."

तिला हसू फुटणारच होतं, पण भिंग जागं झालं. "म्हणजे खुणा तुम्हीच पुसल्या आणि तुम्हीच पुन्हा काढल्या. नकली चौकटींवरही काढता आल्या असत्या."

तो विचारात पडला. "हो," तो प्रामाणिकपणे म्हणाला, "आल्या असत्या."

"मग पुरावा काय?"

"काहीच नाही." त्याचा चेहरा उतरला. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गाडी घेऊन जा. बाबांना दाखवा."

चहा तसाच राहिला. ती गाडी घेऊन घरी आली.

बाबांनी डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि पाव तास दोन्ही चौकटींवरून ते फिरवलं. ती दाराला टेकून उभी होती. नकली निघाल्या तर बाबांची अकरा वर्षं गेली. आणि अस्सल निघाल्या तर तिनं एका भल्या माणसाला त्याच्याच दारात चोर ठरवलं होतं. कुठल्याही बाजूनं बघितलं तरी सुटका नव्हती.

"कळत नाही," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"घेतानाही कळलं नव्हतं." बाबांनी भिंग खिशात ठेवलं. "ज्यानं दिल्या तो म्हातारा होता. देता देता दोनदा परत हातात घेतल्या त्यानं. नकली वस्तूवर कुणाचा एवढा जीव नसतो, असं वाटलं. घेतल्या."

"बाबा, तुम्ही? एवढ्याशावर?"

"मग काय करणार? चौकटी बोलत नाहीत. माणूस बघावा लागतो. पाच शनिवार तिथं बसलीस, तो कसा आहे ते सांग."

ती सांगू लागली. रबर हातात गरम करतो. काच उचलताना बोलायचं थांबतो. चहा आणला की कान असलेला पेला आपल्याला देतो आणि बिनकानाचा स्वतः घेतो, चटके सोसत. काच नीट बसली नाही तर काचेला रागावत नाही, स्वतःवर चिडतो... सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपण बराच वेळ बोलतोय, आणि बाबा खिडक्यांकडे बघायचे थांबून आपल्याकडे बघताहेत.

"पुरे," बाबा म्हणाले. "उद्या त्याला घेऊन एकदा चालवून आण. मग मी बसेन."

रविवारी सकाळी ती त्याच्या दारात उभी राहिली. माफी मागायची तिला सवय नव्हती. "बसा," एवढंच म्हणाली.

तो तिच्या शेजारी बसला. दोघांनी आपापली मूठ सैल केली, खिडक्या बाहेर ढकलल्या, मुठी आवळल्या. गाडी गावाबाहेरच्या रस्त्याला लागली आणि वारा समोरून सरळ तोंडावर आला. ओल्या गवताचा वास आला, कुठल्याशा झाडाचं पान आत येऊन तिच्या मांडीवर बसलं. रस्ता मध्ये काही नसल्यासारखा जवळ वाटत होता. आईला हे आवडलं असतं, असं वाटून तिचे डोळे भरून आले; पण वाऱ्यानं पाणी येतंच डोळ्यांना, त्यामुळे लपवावं लागलं नाही.

वाऱ्याच्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागत होतं.

"मी चुकले," ती ओरडली.

"काय?"

"चुकले म्हणते मी!"

"मीही!" तो ओरडला. "तिसऱ्या आणि चौथ्या शनिवारी पाणी खिडकीतून येत नव्हतं! जोड मीच सैल ठेवला होता!"

"का?"

पुढं हमरस्त्यावरचा सिग्नल लाल झाला. तिनं ब्रेक दाबला, वारा थांबला, आणि त्याचं वाक्य भर चौकात एकटंच ऐकू आलं, "तुम्ही येत राहावं म्हणून!"

शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंनी मान वळवून दोघांना नीट न्याहाळलं. त्याचे कान लाल झाले.

"मला दिसलं होतं ते," ती समोर बघत म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"माहीत नाही... म्हणजे माहीत आहे. तुम्ही अजून एक शनिवार म्हणालात, तेव्हा बरं वाटलं होतं."

सिग्नल हिरवा झाला. थोडं पुढं जाताच पाऊस भुरभुरायला लागला. थेंब सरळ गालांवर, पापण्यांवर. तिनं एका हातानं आपल्या बाजूची खिडकी ओढून मूठ पिळली. दुसरी मूठ त्याच्या बाजूला. स्टिअरिंगवरून तिथं हात पोचत नव्हता.

"बंद करा ना तुमची."

"करतो. आधी सांगा, पुढच्या शनिवारी कशाच्या निमित्तानं याल? काम तर संपलं."

"भिजताय तुम्ही."

"भिजू द्या."

तिनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. तोंडापासून छातीपर्यंत भिजलेल्या त्या माणसाकडे ती पहिल्यांदाच, काही न तपासता, नुसती बघत राहिली.

"घरी चला," ती म्हणाली. "बाबा वाट बघताहेत. आता मला सांगितलंत ते त्यांना सांगा. जोड, शनिवार, सगळं."

"ते विश्वास ठेवतील?"

"छे. खिडक्यांच्या बाबतीत ते भोळे निघाले. लेकीच्या बाबतीत नाहीत. महिनाभर तुमची उलटतपासणी घेतील."

त्यानं खिडकी ओढून घेतली, मूठ हळूहळू पिळली. पाऊस बाहेर राहिला. "आणि तुम्ही?" त्यानं विचारलं.

"मी ठेवलाय," ती म्हणाली, आणि गाडी घराकडे वळवली.