हार घातलेला पंप

"उद्या माझ्या शेडला सील लागणार, वसू," म्हणत प्रेमाक्का खुर्चीत बसल्या, त्या बसूनच राहिल्या.

बनशंकरीत त्या रेशीम रंगवत. माल चिकपेटच्या बाजारात जाई. उताराला खाली टँकरवाल्यांची बोअर, त्याखाली मंजुनाथचं धातूला मुलामा चढवायचं, प्लेटिंगचं वर्कशॉप. टँकरच्या पाण्यात क्रोमियम सापडलं होतं. अक्का आणि मंजुनाथ, दोघांच्याही कामात ते लागतं.

"मी जमिनीत थेंब सोडला नाही गं."

खासगी डिटेक्टिव्ह वसुमतीनं पर्स उचलली. तिचा मदतनीस बिंदुमाधव जांभई देत मागोमाग निघाला.

ज्यावरून सीलचा हुकूम निघाला, ते भूजलाचं संगणकावरचं मॉडेल प्रणीतचं. मांडीवर तान्ही लेक, डोळे तांबारलेले. पडद्यावर निळे बाण अक्कांकडून टँकरच्या बोअरकडे, तिथून मंजुनाथकडे चालले होते.

"अक्कांकडचं विष मंजुनाथच्या बोअरला पोचायला अजून तीनेक वर्षं लागतील."

"पाण्याच्या पातळ्या मोजल्या कधी?"

"हा त्याच दिवसाचा फोटो. रस्ता छान मोकळा मिळाला!"

फोटोत टँकर ओळीनं उभे, बॉनेटला केळीचे खुंट, पंपाला झेंडूचा हार.

वर्कशॉपमध्ये मंजुनाथनं दोघांना कॅनमधलं पाणी दिलं.

"तुमची बोअर आहे ना, अण्णा?"

"गेल्या उन्हाळ्यापासून कुलूप. पाणी पिवळं येतंय. अक्कांची कृपा! पाणी काय चढ चढतं होय?"

मागे एका आटलेल्या जुन्या बोअरच्या तोंडात रबरी नळी गेली होती. बिंदुमाधव तिला अडखळला.

संध्याकाळी वसुमतीनं सगळ्यांना अक्कांच्या शेडमध्ये बोलावलं.

"प्रणीत, गणित बरोबर आहे, दिवस चुकला. ती आयुधपूजा होती, आपली खंडेनवमी. पंपालाही विश्रांती! एरवी दिवसभर उपसा चालतो. मग बोअरभोवती पाण्याची पातळी खड्ड्यासारखी खचते आणि खालच्या अंगाचं पाणीही तिकडे ओढलं जातं."

"म्हणजे चढ चढतं?" बिंदुमाधव म्हणाला.

"चढ जमिनीला, बिंदू. पाणी आपल्या पातळीचा उतार बघतं."

"अक्कांकडूनही ओढलं जातंच की!" मंजुनाथ उसळला.

"जातं. पण टँकरच्या बोअरपाशीच उपसलं जातं, तुमच्यापर्यंत येत नाही. पंप बंद धरला तरी प्रणीतच्या हिशोबानं अजून तीन वर्षं हवीत. तुमची बोअर मात्र गेल्या उन्हाळ्यातच पिवळी झाली. अण्णा, ती नळी कुठून येते?"

मंजुनाथनं मान खाली घातली. "प्लेटिंगच्या टाकीतून," तो पुटपुटला.

"बाळ रात्रभर रडत होतं," कडेवरच्या लेकीला थोपटत प्रणीत हळूच म्हणाला. "सुट्टी बघून मोजमाप उरकून टाकलं."

अक्कांनी हात पुढे केले. "त्या दिवशी माझ्या पंपाला हार मीही घातला होता रे. मला तरी कुठं सुचलं? आण तिला इकडे. तू जा, पातळ्या परत मोज."

बाहेर टँकरचा पंप धडधडत होता. बाळ अक्कांच्या खांद्यावर झोपून गेलं.