दोरीवरच्या चिंध्या

“माझा हात सोडून ते परत आत का गेले, एवढंच सांगा,” पॉलिशवाल्याची बायको वहिनींना म्हणाली. “लोक म्हणतात, बिडीचं बंडल आणायला.”

महिन्यापूर्वी, जेवणाच्या सुट्टीत, ती नवऱ्याला डबा द्यायला आली असताना फर्निचरच्या कारखान्याला आग लागली. नवऱ्याने तिला खिडकीतून बाहेर काढलं आणि स्वतः मागे वळला. तो मेला, ती भाजल्या हातानिशी वाचली. आग त्याच्याच बिडीने लागली, असं मालकाने सगळीकडे सांगून टाकलं होतं. वाचल्याचं तिला सुख नव्हतं, उलट लाज वाटायची.

भावजींनी मान डोलावली. निवृत्त शाळा तपासनीस ते. जे आधी कानावर पडेल ते त्यांना पटायचं.

“मान जपून हलवा, भावजी. रिकामं भांडं फार वाजतं,” वहिनी म्हणाल्या. भावजींच्या थोरल्या भावाच्या या पत्नी खासगी तपासाची कामं घ्यायच्या, आणि मूर्खपणाचा त्यांना मनापासून तिटकारा होता.

कारखान्यात पॉलिशचा कोपरा कोळसा झाला होता. पॉलिशवाल्याचा जेवणाचा डबा वितळून फरशीला चिकटला होता. त्याची पाण्याची लोखंडी बादली मात्र तिथे नव्हती. ती पार मागच्या दाराशी पडली होती.

“प्रेतही या दाराशीच सापडलं,” मिस्त्री म्हणाला. “भला माणूस, पण विक्षिप्त. कोपऱ्यात कायम पाण्याची बादली भरून ठेवायचा, अन् तेलाच्या चिंध्या अंगणात दोरीवर एकेक पसरायचा. आम्ही हसायचो, बाळाची दुपटी वाळत घालतोस का म्हणून!”

“आग लागली तेव्हा तुम्ही कुठे होतात?” वहिनींनी विचारलं.

“रस्त्यावर. मालक मागच्या दाराने आले, नखशिखान्त भिजलेले. बंब तर अर्ध्या तासाने आला.”

“घामाने भिजले असतील,” भावजी म्हणाले.

मालक ज्या खुर्चीत बसला होता, तिचं लाकूड त्याच्यापेक्षा प्रामाणिक होतं. त्याने टेबलावर बिडीचं बंडल आपटलं. “हे त्याच्या कोपऱ्यात सापडलं! असल्या लोकांना शिस्त म्हणून नाही. त्या दिवशी मोठं गिऱ्हाईक यायचं होतं, अन् दोरीवर सकाळच्या तेलकट चिंध्या लोंबताहेत! पॉलिशवाला माल पोचवायला गेलेला. शेवटी मीच गोळा करून पिंपात ठासल्या.”

“पिंप कुठे होतं?”

“पॉलिशच्या कोपऱ्यात.”

वहिनींनी पॉलिशवाल्याच्या बायकोला आणि मिस्त्रीला आत बोलावलं.

“मालक, ज्या कोपऱ्यात डबा वितळला, तिथे बिडीचा कागद शाबूत राहिला? बंडल तुम्ही नंतर ठेवलंत. पॉलिशमधलं जवसाचं तेल वाळताना तापतं. चिंधी पसरली तर ऊब उडून जाते. ठासून भरली तर साठते, आणि काही तासांनी काडी न लावताच पेटते. पॉलिशवाल्याला हे ठाऊक होतं, म्हणून तो दोरी बांधायचा. तुम्ही सकाळी पिंप भरलंत, दुपारी ते पेटलं. कारण कळल्यावर तुम्ही मेलेल्या माणसावर खापर फोडलंत.”

मालकाचा चेहरा पडला.

“आता बादली. कोपऱ्यातली बादली मागच्या दाराशी गेली, आणि बंब यायच्या आधीच तुम्ही चिंब झालात. हा घाम म्हणायला भावजींसारखा माणूस लागतो. तुम्हाला वाचवायला तो आत परतला, आणि ते पाणी त्याने तुमच्या अंगावर ओतलं.”

भावजींनी पुन्हा मान डोलावली, या वेळी जपून.

“पाणी एकच बादली होतं?” बायकोने विचारलं.

“एकच,” मिस्त्री खाली बघत म्हणाला.

ती मालकाकडे वळली. “ते काही बोलले का?”

मालकाने टेबलाची कड चाचपली. “‘दार बाहेर उघडतं, मालक, ढकला,’ म्हणाला. मी ढकललं. मागे वळून पाहिलं नाही.”

तिला रडू आलं, महिन्यात पहिल्यांदा. मग डोळे पुसून तिने ते बंडल उचललं आणि मालकाच्या खिशात खुपसलं.

“हे तुमचं आहे. त्यांचं नाही,” ती म्हणाली.