मास्कआडची लाली

लिफ्ट बंद होती म्हणून भेट झाली, नाहीतर कसली होतेय!

ती गाडी शिकवणारी मास्तरीणबाई. भल्याभल्यांना क्लच-गिअर शिकवून सरळ केलेली; पण क्षयाने गाठलं आणि आता दवाखान्याच्या जिन्यात, तोंडाला मास्क लावून, धापा टाकत बसली होती. वरून एक तरुण आला. त्याच्याही तोंडाला मास्क.

"पाणी आणू?"

"लिफ्ट आणा!"

तो डोळ्यांनी हसला... आणि पाणी घेऊन आला.

तो तिथल्या प्रयोगशाळेत क्षयरोग्यांच्या रक्तातलं लोह तपासायचा. त्याच्या अभ्यासासाठी तिनेही रक्त दिलं, आणि त्याचं नाव ठेवलं— लोहार.

"काय हो लोहार, मी इतकी फिकट का?"

"शरीर हुशार आहे तुमचं. जंतूंना वाढायला लोह लागतं, म्हणून ते लोह कुलपात ठेवतं. जंतू गिळणाऱ्या पेशी भराभरा साखर जाळून लढतायत. थकवा येणारच!"

"आणि कुलपाची किल्ली?"

"रोजची औषधं."

"मला वाटलं... तुमच्याकडे असेल."

लोहाराने गडबडून तिच्या रक्ताच्या बाटलीवर नावाची चिठ्ठी उलटी चिकटवली.

एकदा मात्र तो कपाळाला आठ्या घालूनच आला. "लोह अचानक कसं वाढलं? काय घेताय?"

"मावशीने दिलेलं टॉनिक... लोहाचं."

"डॉक्टरांना न विचारता? अहो, घरात चोर शिरलाय आणि तुम्ही त्यालाच ताट वाढताय!"

तिचे डोळे भरले. "बरी होईन ना हो मी?"

तो तसाच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी टॉनिक बंद केलं, पुन्हा तपासण्या केल्या. थोडक्यात निभावलं होतं.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "पण घेतलंत कशाला?"

"गालांवर जरा लाली यावी म्हणून..."

"कुणासाठी?"

तिने मास्क आणखी वर ओढला. मग तोच म्हणाला, "अहो, पण... मास्क!"

तिने कपाळावर हात मारला. मग दोघं इतकी हसली की तिला खोकला आला.

पुढे औषधं पुरी झाली, आजार गेला. त्याचा अभ्यासही संपला, आणि लोहार गाडी शिकायला हजर! आज दोघांच्याही तोंडाला मास्क नव्हता.

"पुढे बघा!" ती ओरडली.

"लाली आली की हो... टॉनिकशिवाय."

"तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार शरीराचे माना. लढलं ते."

"त्याचे मानतेच. पण जिन्यात पाणी काही त्याने आणलं नव्हतं."

"तुम्ही माझ्या अभ्यासातल्या रुग्ण, म्हणून तो संपेपर्यंत मी तोंड बंद ठेवलं. आता विचारतो... म्हणजे, जन्मभर जर..."

बोलण्याच्या नादात गाडी निघाली थेट भिंतीकडे. बरं, शिकवणीच्या गाडीत मास्तरीणबाईंच्या पायाशीही ब्रेक असतो! तिने तो करकचून दाबला. गाडी थांबली. लोहार पांढराफटक.

"हो," ती म्हणाली. "आता विचारा, काय विचारायचं ते."